चेहऱ्याचं एक्सफोलिएशन: कशाने, किती आणि कधी अजिबात नाही

मामेबहिणीच्या लग्नाला बारा दिवस राहिलेले आणि मी ठरवलं की आता चेहरा एकदम तुकतुकीत करायचाच. मग काय, सकाळी आंघोळीत अक्रोडाचा स्क्रब, एक दिवसाआड रात्री ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर आणि रविवारी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं लिंबू-साखर. पाचव्या-सहाव्या दिवशी चेहरा खरंच चमकायला लागला, मला वाटलं झालं काम. ती चमक सोलवटलेल्या कातडीची होती हे स्किनच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हळदीच्या दिवशी काकूने गालाला हळद लावली आणि अक्षरशः आग झाली, दोन्ही गालांच्या हाडांवर लाल चट्टे उठले. चट्टे आठवड्यात गेले पण त्यांच्या जागी जे तपकिरी डाग बसले ते पुसट व्हायला सात महिने लागले.

त्यानंतर मी या विषयाचं, म्हणजे चेहऱ्यावरचे मेलेले पापुद्रे काढण्याचं (यालाच एक्सफोलिएशन म्हणतात), बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं आणि आता गेली दोन वर्षं जे करतेय ते इथे नीट लिहून ठेवतेय, कारण लग्नसराई आली की प्रत्येक घरात कोणीतरी हाच घोळ घालत असतं.

आधी हे समजून घ्या की पापुद्रे काढायचं हे काम त्वचा स्वतःच करते. सापासारखी एकदम कात टाकत नाही पण रोज थोडी थोडी टाकतेच. सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींचे साधारण १५ ते २० पापुद्रे एकावर एक, आणि सगळे मिळून जाडी एका केसापेक्षाही कमी. खाली नवीन पेशी तयार होतात, वर सरकत सरकत चपट्या होतात, मरतात आणि झडून जातात, तरुण वयात या सगळ्याला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढतं तसा वेळ वाढत जातो. या पेशी एकमेकींना बारीक टाक्यांनी शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात आणि त्वचेतलेच एन्झाइम ते टाके हळूहळू उसवतात. कोरडेपणामुळे, वयामुळे, उन्हामुळे हे उसवणं नीट झालं नाही की पापुद्रे साचतात, चेहरा निस्तेज खरखरीत दिसतो, मेकअप फाटतो, छिद्रं बुजतात.

पण मेलेल्या म्हणजे टाकाऊ नाही हं. हेच पापुद्रे आणि त्यांच्या मधला स्निग्ध थर मिळून आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवतात. म्हणजे आपल्याला फक्त सुटायला आलेला वरचा पापुद्रा सोडवायला मदत करायची आहे, भिंत पाडायची नाहीये. घासून घासून निघणारा तो काळपट मळ बघून आपल्याला फार समाधान वाटतं ना, ते समाधान जरा बाजूला ठेवा. बाजारात ते पीलिंग जेल मिळतं, चोळलं की शेवयांसारखे गोळे निघतात, त्यातले बरेचसे गोळे तर त्या जेलचेच असतात.

आता आपल्या त्वचेबद्दल, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर लोक फिट्झपॅट्रिक स्केल वापरतात, १९७५ मधली, ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून सहा प्रकार. आपल्याकडचे बहुतेक लोक तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात येतात. गव्हाळ, सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी फार लवकर चिडतात, जरा कुठे सूज आली, ओरखडा उठला, मुरूम फोडला की तिथे डाग. म्हणून एखादी गोरी परदेशी मुलगी व्हिडिओत रोज ॲसिड लावते आणि तिला जास्त झालं तर दोन दिवस लाली येऊन जाते, तेच आपण केलं तर लाली दिसतही नाही धड, थेट डागच दिसतो. आपल्यासाठी सगळे आकडे तिच्यापेक्षा कमी ठेवायचे, टक्केवारी कमी, दिवस कमी, जोर तर जवळपास शून्य.

सुरू करायच्या आधी आरशासमोर उजेडात उभं राहा आणि बघा की तुम्ही हे करायला हवं का. पिकलेले, पू असलेले मुरूम असतील तर स्क्रब नको. इसब, सोरायसिस, उन्हाने भाजलेली कातडी, नागीण, काहीही उघडं असेल तर नको. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत पांढरी-पिवळट सालपटं निघतात आणि खाली लाल असतं, बऱ्याच जणांना वाटतं कोरडी त्वचा आहे घासून काढू, तो बहुतेक वेळा चेहऱ्यावरचा कोंडा असतो, त्याला औषध लागतं, घासलं की वाढतो. वांग असतील तर डॉक्टरांशिवाय काहीच सुरू करू नका, वांग चिडले की पसरतात. डॉक्टरांनी मुरमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन दिलं असेल तर त्याने आधीच त्वचेची उलाढाल वाढलेली असते, वर ॲसिडची भर नको. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर आधी विचारा. गरोदर असाल तरी विचारा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक ॲसिड नको.

आणि एक ट्यूब शोधा घरात. ती मेडिकलमधून आणलेली "गोरं करणारी" क्रीम, शेजारणीने सांगितलेली. मागची बारीक अक्षरं वाचा, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्महिने ते लावलेला चेहरा इतका पातळ झालेला असतो की त्यावर एक्सफोलिएशन म्हणजे जखमेवर मीठच. ती क्रीम एकदम बंद केली तरी चेहरा भडकतो म्हणून डॉक्टरांकडे जाऊनच सोडा. माझ्या ओळखीत तीन जणी आहेत अशा, फार वाईट वाटतं बघून.

हे सगळं पार झालं की मग प्रश्न येतो कशाने करायचं. दोनच मार्ग, एक घासून आणि दुसरा ते टाके उसवून. घासण्याचे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात भरपूर, त्यातले काही मी कायमचे बाद केलेत. लिंबू पहिलं. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या जवळ, आणि लिंबात असे घटक असतात की ते लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजते, फोडसुद्धा येतात आणि मग महिनोन्महिने जाणार नाही असा डाग. खायचा सोडा उलट्या टोकाला, ८ च्या वर, तोही नको. साखर-मीठ हातापायांना ठीक, चेहऱ्याला त्यांचे कोपरे टोचतात. अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब तसाच. टूथपेस्ट नाकावर घासणारे पण बघितलेत मी, कृपा करून नको.

राहिलं काय तर डाळीचं पीठ, मसुराच्या डाळीचं पीठ, तांदळाचं पीठ, उटणं. हे चालतं पण दळण कसं आहे ते बघा. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर पावडरसारखं लागलं पाहिजे, रव्यासारखं नाही, घरी दळलेलं असेल तर वस्त्रगाळ करून घ्या, नुसती पिठाची चाळणी पुरत नाही. तांदळाचं पीठ आणि वाळवलेली संत्र्याची साल हमखास जाडसर राहते. एक चमचा पीठ, कोरडी त्वचा असेल तर दूध किंवा थोडी साय, तेलकट असेल तर पाणी किंवा ताक, आणि पातळसर कालवायचं. आपण चूक करतो ती पुढे. लेप लावून पंख्याखाली बसायचं, चरचरीत वाळू द्यायचं आणि मग कोरडंच खरवडून काढायचं. लहानपणापासून हेच बघितलंय आपण. वाळू देऊच नका. ओलं असतानाच, हात पुन्हा ओले करून, बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट इतकं हलकं फिरवायचं की कातडी बोटाबरोबर सरकता कामा नये, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. आठवड्यातून एकदा बस. लूफा, वजरी, खरखरीत टॉवेल चेहऱ्यापासून लांब.

आता दुसरा मार्ग, टाके उसवणारं ॲसिड. नाव ऐकून घाबरतात लोक, पण मोजून-मापून वापरलं तर घासण्यापेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्यात आपल्या हाताच्या जोराचा प्रश्नच येत नाही. ही काही अगदी अनोळखी मंडळी पण नाहीत, ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधा-दह्यात, मँडेलिक कडू बदामातून. दुकानातलं मात्र कारखान्यात बनवलेलं असतं आणि तेच बरं, कारण त्याची टक्केवारी माहीत असते, दह्याची नसते. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी ही ॲसिडं इक्थिओसिसच्या रोग्यांवर वापरून दाखवली, म्हणजे ज्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी जाड होते त्यांच्यावर, तिथून हे सगळं सौंदर्यप्रसाधनांत आलं.

कुठलं घ्यायचं? नाक-हनुवटी तेलकट, ब्लॅकहेड्स, बारीक दाणे असतील तर सॅलिसिलिक, १ किंवा २ टक्के, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत पोचतं. (नाकावर दाबल्यावर जे करडे बारीक तंतू निघतात ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतातच, ते नॉर्मल असतात आणि महिनाभरात परत भरतात, त्यांच्यामागे लागू नका.) कोरडी त्वचा असेल तर लॅक्टिक, ५ टक्के. डाग असतील आणि तुम्ही पहिल्यांदाच सुरू करताय तर मँडेलिक, ५ ते १० टक्के, त्याचा रेणू मोठा असल्यामुळे सावकाश आत जातो आणि सावळ्या त्वचेला कमी चिडवतो, मी स्वतः आता हेच वापरते. कुठलंच सोसत नसेल तर ग्लुकोनोलॅक्टोन नावाचं एक सौम्य प्रकरण मिळतं. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात छोटा, झटकन आत जातो आणि तसाच चावतो, ते शेवटी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये घरच्या वापरासाठी ग्लायकोलिक-लॅक्टिक जातीच्या ॲसिडची मर्यादा १० टक्के आणि पीएच ३.५ च्या खाली नको अशी सांगितलेली आहे, तीच माझी लक्ष्मणरेषा. ३० टक्क्यांची लालभडक सोल्युशनं मिळतात, दहा मिनिटांत धुवायची, ती व्हिडिओत फार छान दिसतात. नवख्याने हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. घड्याळ बघायचं राहिलं, फोन आला, दारात कुरिअरवाला आला, संपलं.

बाटली आणली की आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर लावा, सलग दोन-तीन रात्री तिथेच. खाज, पुरळ, काळपटपणा काही नाही आलं तरच चेहऱ्यावर. माझी एक मैत्रीण म्हणते इतका धीर कोणाला असतो, पण तीन दिवस थांबणं आणि सात महिने कन्सीलर थापणं यात मला तरी निवड सोपी वाटते.

पहिली रात्र अशी करा. दुसऱ्या दिवशी उन्हात हिंडायचं नसेल, लग्न-फोटो काही नसेल अशी रात्र निवडा. साध्या, फेस कमी येणाऱ्या फेसवॉशने चेहरा धुवा, कोमट किंवा गार पाणी, गरम नको. टॉवेलने टिपा, पुसू नका, आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, पाच-दहा मिनिटं, कारण ओल्या कातडीत ॲसिड जास्त आत जातं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या खाली बोटभर व्हॅसलीन लावा, ही जागा सगळ्यात आधी सोलते. मग ॲसिडचे तीन-चार थेंब तळहातावर घेऊन बोटांनी चेहऱ्यावर टेकवत पसरा. कापसाने नको, कापूस घासला जातो. मिनिटभर चुणचुण होईल, ती चालते. आग होत असेल, डोळ्यात पाणी येत असेल तर "काम करतंय" असं समजून सोसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. सगळं ठीक असेल तर दहा मिनिटांनी साधं मॉइश्चरायझर, वास नसलेलं, सेरामाइडवालं (त्वचेतल्या त्या स्निग्ध थरातलाच एक घटक) मिळालं तर उत्तम. त्या रात्री व्हिटॅमिन सी नाही, रेटिनॉल नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड नाही, काहीच नाही.

पहिला महिनाभर आठवड्यातून एकदाच. २८ दिवसांचा हिशोब आठवा, त्वचेची एक फेरी पूर्ण होऊ द्या, मगच ठरवा की फरक पडतोय की नाही. सोसलं तर आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन रात्री सोडून. मी दोनच्या वर कधी गेले नाही आणि जायची गरजही पडली नाही. ॲसिड वापरताय तर स्क्रब बंद, दोन्ही एकत्र नाही. आणि ज्यांच्या चेहऱ्याला स्क्रबच मानवतो त्यांनी ॲसिड आणायलाच हवं असं काही नाही.

सनस्क्रीनशिवाय हे सगळं करूच नका. १० टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर त्वचेची उन्हाने लाल होण्याची शक्यता १८ टक्क्यांनी वाढली असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-प्रसाधनांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) सांगितलेल्या अभ्यासात दिसलं, आणि बंद केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झालं. म्हणजे ॲसिड सोडल्यावर सुद्धा आठवडाभर जपायचं. एसपीएफ ३० किंवा वर, दोन बोटांवर काढलेली भरगच्च रेघ चेहरा-मानेसाठी, त्यापेक्षा कमी लावलं तर बाटलीवरचा आकडा मिळत नाही. मुंबईत घामाने लोकलमध्येच अर्धं उतरतं, ऑफिसला पोचल्यावर टिपून परत लावा. एसटीत खिडकीशी बसलात तरी ऊन लागतंच. गाडीवर स्कार्फ बांधता ना, बांधा, पण तो सुती आणि धुतलेला हवा, आणि सनस्क्रीन त्याच्या आत लावलेलंच हवं. नागपूर-अकोल्याकडे असाल तर एप्रिल-मेमध्ये मी म्हणेन सरळ सुट्टी द्या ॲसिडला, पावसाळ्यात परत सुरू करा. पुण्याच्या थंडीत त्वचा आधीच फुटते तेव्हा आठवड्याचं पंधरा दिवसांवर आणा.

पार्लरचं गणित वेगळं सांभाळावं लागतं. अप्परलिपचं थ्रेडिंग किंवा चेहऱ्याचं वॅक्सिंग यात आधीच वरचा पापुद्रा ओढला जातो, त्याच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस ॲसिड-स्क्रब काही नाही. फेशिअलमध्ये स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणं हे सगळं येतंच, म्हणून त्या आठवड्यात घरचं बंद आणि पार्लरच्या ताईंना आधीच सांगा की मी ॲसिड वापरते, स्क्रब हलका करा आणि ब्लीच नको. सांगायला संकोच वाटतो, पण त्यांनाही कळायला हवं ना समोरच्या चेहऱ्यावर काय चाललंय. पुरुषांसाठी, रोज दाढी करत असाल तर त्या जागेचं एक्सफोलिएशन रोज होतंच आहे, फक्त कपाळ-नाक बघा, आणि मानेवर आत वाढणारे केस त्रास देत असतील तर दाढी न करायच्या रात्री सॅलिसिलिक.

मानेवरून आठवलं. मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसते म्हणून किती मुलींना घरचे "नीट घास" म्हणून ओरडतात, वजरीने रक्त येईपर्यंत घासलेली मान बघितली आहे मी. तो मळ नसतो. त्याला ॲकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि त्याचं नातं बहुतेक वेळा इन्सुलिन रेझिस्टन्सशी असतं, म्हणजे शुगर, वजन, पीसीओएस. घासायचं सोडा आणि रक्ताची तपासणी करा.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? साध्या पाण्याने झोंबलं, रोजचं मॉइश्चरायझर चावायला लागलं, चेहरा प्लॅस्टिकसारखा ताणलेला आणि चकचकीत दिसला, एकाच वेळी तेलकट पण आणि सालपटं पण, किंवा कपाळावर एकदम बारीक पुरळ. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी सगळं बंद. फक्त सौम्य फेसवॉश तोही रात्रीच, सकाळी नुसतं पाणी, मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, सोललेल्या जागी रात्री व्हॅसलीनचा पातळ थर, आणि सकाळी सनस्क्रीन. कोरफड, हळद, बर्फ, काही नको. दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या काळात हात शिवशिवतात काहीतरी लावायला, लावू नका. फोड आले, पाणी सुटलं किंवा डाग गडद होत चालला तर वाट न बघता डॉक्टर.

आता दिवाळी येईल तर उटण्याचं सांगून ठेवते. अभ्यंगाला आधी तेल चोळून मग उटणं लावायची जी पद्धत आहे ती चेहऱ्यालाही तशीच ठेवा, तेलामुळे उटणं घसरतं, ओरखडत नाही. मुरमांचा चेहरा असेल तर चेहऱ्याला तेल नको आणि उटणंही नको, अंगालाच लावा. विकतच्या पुडीत नागरमोथा, आंबेहळद, वाळा, कपूरकाचरी जाडसर दळलेली असते, म्हणून चेहऱ्यापुरतं चमचाभर वेगळं काढून वस्त्रगाळ करा आणि दुधात सैल कालवा. आदल्या तीन रात्री ॲसिड बंद. आणि पोरांच्या चेहऱ्याला उटणं नुसतं टेकवा, घासू नका, त्यांची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते.